‘हे खरे नाही’ असे छापील उत्तर आल्यावर पुढे काय करावे

आपण मांडलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपल्या तालुक्याच्या गावी तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय आहे. रात्री तेथे डॉक्टर भेटत नाहीत आणि अडलेल्या बाळंतिणीला थेट जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते. ग्रामस्थांनी आमदारांना निवेदन दिले, त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी मागितले जाते असा) दाखल केला, आणि अधिवेशनात छापील उत्तर आले ते असे: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ मंत्र्यांनी सभागृहात धडधडीत खोटे सांगितले काय, आणि तसे असेल तर या प्रश्नोत्तरांचा उपयोग तरी काय, असे आपण विचारले आहे. माझी नोकरी मंत्रालयात कार्यासनावर, म्हणजे विभागातील ठरावीक विषयांचे कागद हाताळणाऱ्या कक्षात गेली आणि ‘एलएक्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरे तयार करणे हा त्या नोकरीचा मोठा भाग होता. त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्याच्या बाजूने हे प्रकरण कसे दिसते, तेवढे मी खात्रीने सांगू शकतो.

मंत्री खोटे बोलले की नाही, हा माझ्या मते येथे दुय्यम मुद्दा आहे. शासनाचे लेखी उत्तर प्रश्नात छापलेल्या वाक्याला बांधलेले असते. रुग्णालयात प्रत्यक्ष काय चालले आहे याचा विचार त्या वाक्याच्या कक्षेत येईल तेवढाच होतो. आपण पाठवलेला प्रश्न पुन्हा वाचा. ‘ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची सर्व पदे रिक्त असल्याने रुग्णांची प्रचंड गैरसोय होत असल्याचे माहे जानेवारीमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय,’ असा पहिला भाग आहे. त्यानंतरचे तिन्ही भाग ‘असल्यास’ या शब्दाने सुरू होतात. तीस खाटांच्या रुग्णालयात साधारणपणे एक वैद्यकीय अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी मंजूर असतात. त्यांपैकी एक जरी पद कागदोपत्री भरलेले असेल, तरी ‘सर्व पदे रिक्त’ हे विधान चुकीचे ठरते आणि कार्यासन अधिकारी निर्धास्तपणे ‘हे खरे नाही’ असे लिहितो. पहिला भाग नाकारला गेला की ‘असल्यास’ला लटकलेले पुढचे सगळे भाग आपोआप गळून पडतात. ‘प्रश्न उद्भवत नाही’ याचा अर्थ एवढाच असतो. त्यात उर्मटपणा असेलच असे नाही, पण सोय मात्र नक्की असते.

आपल्या रुग्णालयाची स्थिती मला ठाऊक नाही, म्हणून पुढचे विधान अंदाज म्हणूनच घ्यावे. अशा तक्रारींत बहुधा असे आढळते की पदे भरलेली असतात आणि माणसे तेथे नसतात. एक अधिकारी तोंडी आदेशाने किंवा प्रतिनियुक्तीवर जिल्हा रुग्णालयात काम करत असतो आणि त्याचा पगार मात्र तालुक्याच्या रुग्णालयातून निघत असतो. दुसरा दीर्घ रजेवर किंवा अनधिकृतपणे गैरहजर असतो. तिसरा एकटाच बाह्यरुग्ण विभाग, शवविच्छेदन, न्यायालयातील साक्ष आणि अधूनमधून अधीक्षकाचा प्रभार सांभाळत असतो, आणि रात्री तो थांबला नाही तर त्याला दोष देणेही कठीण होते. मंजूर, भरलेली, रिक्त आणि प्रत्यक्ष कार्यरत हे चार वेगवेगळे आकडे आहेत. आपल्या प्रश्नाने त्यांपैकी फक्त रिक्त पदांविषयी विचारले, तेही ‘सर्व’ असे म्हणून.

उत्तर कसे तयार होते हे समजले, तर त्यातल्या फटी कोठे असतात हेही लक्षात येईल. विधानमंडळ सचिवालयाने प्रश्न स्वीकृत केला की तो संबंधित प्रशासकीय विभागाकडे जातो, तेथून कार्यासनाकडे आणि कार्यासनाकडून माहितीसाठी क्षेत्रीय कार्यालयांकडे. आरोग्याच्या बाबतीत ही वाट आयुक्तालय, परिमंडळाचे उपसंचालक, जिल्हा शल्यचिकित्सक अशी उतरत शेवटी त्या रुग्णालयाच्या अधीक्षकापर्यंत पोहोचते, म्हणजे ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्याकडेच अहवाल मागितला जातो. खाली उतरताना प्रत्येक पायरीवर ‘आजच्या आज’ असा शेरा पडतो आणि वर चढताना प्रत्येक पायरीवर भाषा थोडी गुळगुळीत होत जाते. ‘डॉक्टर रात्री थांबत नाहीत’ ही वस्तुस्थिती जिल्ह्यापर्यंत ‘निवासस्थाने नादुरुस्त असल्याने वैद्यकीय अधिकाऱ्यांना मुख्यालयी राहण्यास अडचणी येतात’ अशी होते, आणि मंत्रालयात पोहोचेपर्यंत तिचे ‘उपलब्ध मनुष्यबळामार्फत रुग्णसेवा सुरळीत सुरू आहे’ असे रूपांतर झालेले असते. प्रत्येक वाक्य सुटे पाहिले तर खोटे म्हणता येत नाही.

पण या दोन-चार ओळींच्या उत्तराबरोबर आणखी एक कागद तयार होतो आणि तो सभागृहाबाहेर कोणाला दिसत नाही. उत्तरावर सभागृहात विचारल्या जाणाऱ्या उपप्रश्नांना मंत्र्यांना तोंड देता यावे म्हणून कार्यासन एक टिप्पणी जोडते. उत्तर चार ओळींचे असले तरी टिप्पणी अनेक पानांची असू शकते. मंजूर पदे किती, कोण कधीपासून गैरहजर आहे, त्याच्यावर विभागीय चौकशी सुरू आहे काय, बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ शासकीय सेवेस बांधलेल्या) किंवा कंत्राटी डॉक्टरांसाठी जाहिरात दिली होती काय, निवासस्थानांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव कोणाकडे अडकला आहे, हे सारे तीत असते, कारण सभागृहात मंत्री अडचणीत आले तर त्याचा जाब कार्यासनालाच द्यावा लागतो. आमदारांच्या प्रश्नाचा सर्वांत मोठा परिणाम माझ्या अनुभवात येथे घडतो. प्रतिनियुक्तीवरचा डॉक्टर अधिवेशनाच्या आठवडाभर आधी मूळ जागी परत पाठवला जातो, वर्षभर पडून असलेली नस्ती (फाईल) दोन दिवसांत तीन सह्या मिळवते, आणि मग उत्तरात ‘सद्यःस्थितीत वैद्यकीय अधिकारी कार्यरत आहेत’ असे खरेपणाने लिहिता येते. आपल्याला छापील उत्तर पाहून निराशा वाटली असेल, तरी प्रश्न दाखल झाल्यानंतरच्या आठवड्यांत रुग्णालयात काही हालचाल झाली होती काय, हे एकदा तपासून पाहा. अर्थात, अधिवेशन संपल्यावर तोच डॉक्टर पुन्हा जिल्ह्याला जातो, असेही मी पाहिले आहे.

आता प्रश्न कसा लिहावा याविषयी. ‘हे खरे आहे काय’ ही आपल्याकडची रूढ चौकट आहे आणि ती टाळण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या भागात शासनाला नाकारताच येणार नाही असे छोटे, कोरडे, तपासता येणारे विधान घालावे. उदाहरणार्थ, ‘अमुक ग्रामीण रुग्णालयास वैद्यकीय अधिकाऱ्यांची तीन पदे मंजूर आहेत, हे खरे आहे काय.’ यावर ‘हे खरे आहे’ हेच उत्तर येईल. पुढचा भाग ‘असल्यास’वर टांगू नये, स्वतंत्र ठेवावा: ‘उक्त पदांवर नियुक्त अधिकाऱ्यांपैकी दिनांक १ जानेवारी रोजी प्रत्यक्ष त्या रुग्णालयात किती अधिकारी उपस्थित होते आणि किती प्रतिनियुक्तीवर, रजेवर वा अनधिकृत गैरहजर होते.’ त्यानंतर, ‘मागील बारा महिन्यांत रुग्णालयात किती प्रसूती झाल्या आणि किती गरोदर महिलांना अन्य रुग्णालयांत संदर्भित करण्यात आले.’ हा आकडा फार बोलका असतो, कारण संदर्भित रुग्णांची नोंद नोंदवहीत असते आणि ती गुळगुळीत करता येत नाही. शेवटी, ‘प्रतिनियुक्ती रद्द करण्याबाबत कोणता निर्णय घेण्यात आला आहे आणि कोणत्या दिनांकापर्यंत.’ ‘सर्व’, ‘प्रचंड’, ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण दुर्लक्ष’ हे शब्द निवेदनात शोभतात, प्रश्नात ते उत्तर देणाऱ्याला पळवाट देतात. शिवाय युक्तिवाद, आरोप किंवा मतप्रदर्शन असलेला प्रश्न स्वीकृतीच्याच टप्प्यावर अडतो, न्यायप्रविष्ट बाबींचेही तसेच होते. लोकसभेच्या नियमांतही प्रश्नाच्या ग्राह्यतेच्या अटींत हीच काटछाट आहे.

येथे आमदारांची बाजूही पाहायला हवी. त्यांच्याकडे अनेक विभागांचे विषय येतात, स्वीय सहायक बहुधा एकच असतो, आणि अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी प्रश्न द्यावे लागतात. अशा वेळी वृत्तपत्रातले कात्रण किंवा आपले निवेदन जसेच्या तसे प्रश्नाच्या चौकटीत बसवले जाते. एकाच विषयावर अनेक सदस्यांनी दिलेले प्रश्न एकत्र केले जातात, तेव्हा मजकूर कोणाचा राहील हेही आपल्या हातात नसते. म्हणून आमदारांना निवेदनाबरोबर तयार प्रश्नाचा मसुदा, एका पानाची माहिती आणि कागदांच्या प्रती दिल्यात, तर त्यांचे सहायक आपले आभारच मानतील. सांगोल्याचे गणपतराव देशमुख तब्बल अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि अभ्यासू सदस्य म्हणून ओळखले गेले. तशा सदस्याचा प्रश्न येणार असला की टिप्पणी अधिक काळजीने लिहिली जाते. सदस्याजवळ कागद आहेत की नुसती तक्रार, याचा अंदाज कार्यासनाला प्रश्नाच्या भाषेवरून लगेच येतो.

तारांकित प्रश्नाचे खरे बळ उपप्रश्नात आहे. इतिहासातही तसेच दिसते: १८९२ च्या भारतीय परिषद कायद्याने विधिमंडळातील सदस्यांना प्रश्न विचारण्याची मर्यादित मुभा दिली, पण उपप्रश्नाची नाही, मूळ प्रश्नकर्त्या सदस्याला उपप्रश्न विचारण्याचा हक्क १९०९ च्या सुधारणांनंतर मिळाला. परकीय सरकारलाही छापील उत्तराची फारशी भीती नव्हती, धास्ती होती ती त्यानंतरच्या प्रश्नाची. आजही प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री ‘छापील उत्तराप्रमाणे’ म्हणून बसतात आणि मग खरी परीक्षा सुरू होते. अधिकारी गॅलरीत बसलेले असतात, चिठ्ठ्या खाली जातात, टिप्पणीतली पाने उलटली जातात. या वेळी सदस्यांनी भाषण केले तर मंत्र्यांना दिलासा मिळतो, कारण भाषणाला भाषणानेच उत्तर देता येते. ‘अमुक तारखेच्या हजेरीपटावर किती सह्या आहेत’ असा एकच छोटा उपप्रश्न त्याहून कितीतरी जड जातो. समाधानकारक माहिती नसेल तर पीठासीन अधिकारी (अध्यक्ष वा सभापती) प्रश्न राखून ठेवू शकतात, आणि राखून ठेवलेल्या प्रश्नासारखी दुसरी कोणतीही गोष्ट विभागाला जागे करत नाही.

मात्र यादीतील मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला येतात, उरलेल्यांची उत्तरे लेखीच राहतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (ज्यांचे उत्तर फक्त लेखी येते असे) प्रश्न असतात आणि त्या विसांतलेही सगळे तासाभरात होत नाहीत. म्हणून कोणते आयुध कधी वापरायचे हे परिस्थितीवर अवलंबून आहे. नुसते आकडे हवे असतील तर अतारांकित प्रश्न पुरतो, आणि त्यासाठी तारांकित प्रश्न खर्ची घालू नये. रुग्णालयात नुकतीच एखादी गंभीर घटना घडली असेल, तर विधानसभेच्या नियम १०५ खालील लक्षवेधी सूचना अधिक परिणामकारक ठरते, कारण तीवर मंत्र्यांना निवेदन करावे लागते आणि ती अधिवेशन सुरू असतानाच देता येते. नेहमीपेक्षा कमी मुदतीत उत्तर मागणाऱ्या अल्पसूचना प्रश्नाला मंत्र्यांची संमती लागते, त्यामुळे अडचणीच्या विषयात त्याचा भरवसा धरू नये. आपल्या प्रकरणात, अपुरे उत्तर आधीच आलेले असल्याने, त्या उत्तरातून उद्भवणाऱ्या बाबींवर अर्धा तास चर्चा मागणे हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. तो फारसा वापरला जात नाही आणि म्हणूनच त्याकडे लक्ष जाते. विधान परिषदेच्या एखाद्या सदस्यानेही हाच विषय तेथे मांडण्यास हरकत नसते. खासदारांकडे जाण्यापूर्वी मात्र हे ध्यानात घ्यावे की सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. लोकसभेतील उत्तर पहिल्याच ओळीत तसे सांगून राज्याकडे बोट दाखवील. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निधीविषयीचा प्रश्न तेवढा तेथे विचारता येतो.

आश्वासनाचा भाग लोक सहसा सोडून देतात आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मंत्री सभागृहात ‘तपासून घेऊ’, ‘एक महिन्यात पदे भरू’, ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे बोलले की ते कार्यवृत्तात नोंदले जाते, आणि शासनाच्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र समिती असते. लोकसभेत अशा आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा आहे. समितीपुढे विभागाच्या सचिवांना साक्षीसाठी बोलावले जाऊ शकते, आणि मंत्री बदलले, सरकार बदलले, तरी आश्वासन विभागाच्या नावावर राहते. म्हणून उपप्रश्न विचारताना सदस्यांनी मंत्र्यांच्या तोंडून तारीख काढावी. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना माझ्या कार्यासनावर काहीच वजन नव्हते. ‘३१ मार्चपूर्वी’ म्हटले की ती तारीख नस्तीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली जात असे.

उत्तर खरोखरच चुकीचे असेल, म्हणजे प्रश्नातील शब्दांच्या आधारेही ते समर्थनीय ठरत नसेल, तर सदस्य पीठासीन अधिकाऱ्यांच्या निदर्शनास ते लेखी आणून देऊ शकतात, आणि जाणूनबुजून दिशाभूल झाली असे दाखवता आले तर विशेषाधिकार भंगाची सूचनाही देता येते. हे शस्त्र जपून वापरावे. हेतू सिद्ध करणे कठीण असते, आणि विभाग बहुधा ‘अनवधानाने’ असे म्हणून सुधारित उत्तर पटलावर ठेवतो. सुधारित उत्तर मिळणे हेच पुष्कळदा उद्दिष्ट असावे. त्यासाठी लागणारा पुरावा आपण नागरिक म्हणून मिळवू शकता. माहिती अधिकार कायद्याखाली ३० दिवसांत माहिती मिळण्याची तरतूद आहे, आणि केवळ प्रती मागण्याऐवजी नस्तीची पाहणी करण्याची मागणीही करता येते. रुग्णालयाकडे हजेरीपट, प्रतिनियुक्तीचे आदेश आणि संदर्भित रुग्णांची नोंदवही मागा. मंत्रालयात मात्र ज्या नस्तीवर उत्तर तयार झाले ती नस्ती पाहायला मागा. उत्तर सभागृहासमोर ठेवले जाण्यापूर्वी अर्ज केलात, तर विशेषाधिकाराचे कारण देऊन तो नाकारला जाईल, म्हणून अधिवेशन संपल्यावर करावा. टिप्पणी दाखवण्यास जनमाहिती अधिकारी खळखळ करतात, पण जिल्ह्याने पाठवलेला अहवाल बहुधा पाहायला मिळतो, आणि तो व छापील उत्तर शेजारी ठेवून वाचले की कोणत्या पायरीवर काय गळले ते स्पष्ट दिसते.

याने खरेच काही घडते काय, या आपल्या मूळ शंकेला मी सरसकट होकार देणार नाही. मोठे उदाहरण सर्वांना माहीत असलेले आहे: आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग घेतल्याचे प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेत आधी प्रश्नाच्या रूपाने आले, उत्तरातल्या मोघमपणामुळेच ते वाढले, फिरोज गांधी यांनी ते डिसेंबरमध्ये लावून धरले, न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेतून ११ सदस्यांचे सदस्यत्व गेले. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या रुग्णालयासारखे हजारो प्रश्न असतात. आपल्या बाबतीत मर्यादा अशी की प्रश्नाने नवीन डॉक्टर निर्माण होत नाही. जाहिरात देऊनही कोणी रुजू होत नसेल, निवासस्थान राहण्याजोगे नसेल, तर सभागृहातील उत्तम उपप्रश्नसुद्धा ‘प्रयत्न सुरू आहेत’ या उत्तरापाशी थांबेल. प्रतिनियुक्ती रद्द करणे, गैरहजर अधिकाऱ्याचे पद रिक्त घोषित करून भरतीला काढणे, दुरुस्तीच्या प्रस्तावाला मंजुरी देणे, या गोष्टी मात्र सहीने होणाऱ्या आहेत, आणि सहीने होणारे काम प्रश्नाने हलते. आपली मागणी या दुसऱ्या प्रकारात बसते की पहिल्या, हे आधी ठरवावे लागेल, आणि ते हजेरीपट पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात रुग्णालयाच्या नावे करा, म्हणजे प्रथम अपिलाची वेळ आली तरी पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न देण्याच्या मुदतीपूर्वी कागद हाती येतील. ती मुदत प्रत्येक अधिवेशनागणिक बदलते, तेव्हा आमदारांच्या सहायकांकडून तारीख विचारून घ्या. मागच्या प्रश्नाचा क्रमांक जपून ठेवा, कारण नव्या प्रश्नात आणि अर्धा तास चर्चेच्या सूचनेत त्याचा उल्लेख लागेल. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आणि मसुदा आमदारांकडे नेण्यापूर्वी त्यातला प्रत्येक भाग एकदा विरुद्ध बाजूने वाचा: ‘हे खरे नाही’ असे लिहून मला यातून सुटता येईल काय, असे स्वतःला विचारा. सुटता येत असेल, तर कार्यासनही सुटेल.